ऑइल फिल्टर: कंपनीचा, लोकल, की धुवून वापरायचा स्टीलचा?

कृष्णाकाठ_कराड

नमस्कार मंडळी,

घरात दोन गाड्या आहेत. एक माझी रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० (घरात सगळे बुलेटच म्हणतात), २०१६ ची, म्हणजे जुनं यूसीई इंजिन, ज्यात इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच असतात. दुसरी वडिलांची स्प्लेंडर, जी रोज शेतावर आणि डेअरीत दूध घालायला जाते. दोन्हीचं ऑइल बदलायला झालंय आणि यावेळी सामान स्वतः आणून घरीच बदलायचं ठरवलंय, कारण मागच्या वेळी सर्व्हिस सेंटरात बिलात फिल्टर लावला होता पण जुना फिल्टर दाखवा म्हटलं तर कुणालाच सापडेना.

आता दुकानात गेलो तर बुलेटच्या फिल्टरचे दोन प्रकार समोर ठेवले. एक कंपनीच्या पाकिटातला आणि एक लोकल, निम्म्याहून कमी किमतीत. वरून दोन्ही सारखेच दिसतात. शिवाय ऑनलाइन स्टीलच्या जाळीचा मिळतोय, पेट्रोलनं धुवा आणि परत लावा, आयुष्यभर दुसरा घ्यायला नको असं लिहिलंय. आणि स्प्लेंडरचा फिल्टर मागितला तर दुकानदार म्हणाला तिला फिल्टर नसतोच. हे खरं आहे का? इतकी वर्षं ती गाडी फिल्टरविना पळतेय?

कोणता घ्यावा आणि का, हे जरा कारणासकट सांगा.

नानापेठ_एक्सप्रेस

कंपनीचा घ्या. विषय संपला.

टी_पाना

विषय संपला नाही दादा, आत्ता कुठं सुरू झाला 🙂

सांगलीत माझं गॅरेज आहे. कृष्णाकाठ भाऊ, पहिलं एक लक्षात घ्या, "चांगला फिल्टर कोणता" असं विचारण्याआधी "माझ्या इंजिनात फिल्टर कुठल्या प्रकारचा आहे" हे बघायचं. दुचाकीत ढोबळमानानं तीन तऱ्हा आहेत. एक, नुसती जाळी, जशी ॲक्टिव्हाला. दोन, कागदाचा फिल्टर जो इंजिनच्या आत एका झाकणाखाली बसतो, तुमची बुलेट, पल्सर, आर१५ वगैरे. तीन, बाहेरून फिरवून लावायचा डबा, कारला असतो तसा, आपल्याकडं रॉयल एनफिल्डच्या ६५० गाड्यांना आहे. तुमची स्प्लेंडर या तिन्हीत धड बसत नाही, तिचं सावकाश सांगतो.

आता बुलेटचं. यूसीईला स्वच्छ ऑइल का पाहिजे ते सांगतो. जुन्या कास्ट आयर्न बुलेटला इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा, दोघांचं ऑइल वेगळं, आणि इंजिनात फेल्टचा फिल्टर यायचा. यूसीईमध्ये इंजिन, क्लच, गिअर सगळं एकाच ऑइलमध्ये बुडालेलं. म्हणजे क्लच प्लेटचा घासलेला भुगा, गिअरच्या दातांची बारीक लोखंडी कणी, पिस्टन-रिंगची काजळी, सगळं त्याच ऑइलमध्ये. आणि वर टॅपेट (व्हॉल्व्ह उघडायला लावणारे भाग) हायड्रॉलिक आहेत, म्हणजे ते ऑइलच्या दाबावरच चालतात. त्यांच्या बारीक वाटेत कचरा गेला की सकाळी स्टार्ट केल्यावर टॅपेटचा टकटक आवाज येतो, आणि गिऱ्हाईक सांगत येतं की हेडचं काम निघालंय. दरवेळी हेडचं काम नसतं. कितीदा ऑइल-फिल्टर बदलूनच आवाज जातो.

म्हणून बुलेटला कंपनीचंच किट घ्या. फार खर्चाचा मामला नाही. किट म्हणतोय मी, नुसता फिल्टर नाही, कारण त्यात ओ-रिंगा, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरच्या गोल कड्या, येतात आणि माझ्या मते अर्ध्याहून जास्त महत्त्व त्या ओ-रिंगांना आहे.

दोनस्ट्रोक_बाबा

आमच्या आरएक्स १०० ला हा प्रश्नच नाही. ऑइल पेट्रोलबरोबर जळून आकाशात जातं, गाळायला मागं उरतंच कुठं 😄

टी_पाना

बाबा, आणि तुमच्या मागच्या गाडीवाल्याच्या नाकात जातं ते?

ऑरेंजसिटी_रायडर

मी नागपूरचा, माझं मत थोडं वेगळं आहे भाऊ. पल्सर १५० ला मी कित्येक वर्षं लोकल फिल्टरच वापरून राहिलो, काहीच झालं नाही. ऑइल वेळेवर बदलतो, इंजिन अजून उघडलं नाही. लोकल म्हणजे सगळेच वाईट असं नाही ना. काही चांगल्या नावाच्या कंपन्या आहेत ज्या कारसाठी, ट्रकसाठी फिल्टर बनवतात, त्या बाइकचे पण बनवतात. कंपनीच्या पाकिटातला माल पण शेवटी कुणीतरी बाहेरचाच बनवून देतो, कंपनी स्वतः थोडीच कागदाच्या घड्या घालत बसते. तर उगाच "ओरिजनल" या शब्दासाठी जास्त पैसे का द्यायचे?

नानापेठ_एक्सप्रेस

कारण ओरिजनल पाकिटातला माल खराब निघाला तर कुणाकडं तरी बोट दाखवता येतं.

भोसरी_मेश

ऑरेंजसिटी यांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. मी फिल्टरच्याच धंद्यात नोकरी करतो (बाइकचे नाही, कारखान्यातल्या मशिनरीचे), तर जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढं सरका.

वरून सारखे दिसणारे दोन फिल्टर आतून वेगळे कशात असतात? सगळ्यात आधी कागद. तो वहीचा कागद नसतो, त्यात राळ मुरवलेली असते म्हणजे गरम ऑइलमध्ये भिजूनही तो मऊ पडत नाही. स्वस्त कागद गरम ऑइलमध्ये लोळागोळा होतो, घड्या एकमेकींना चिकटतात आणि मग त्यातून ऑइल जायला जागाच राहत नाही. मग घड्या आणि चिकटवणं. घड्या समान अंतरावर पाहिजेत, आणि दोन्ही टोकांना ज्या चकत्या असतात तिथं कागद पूर्ण चिकटलेला पाहिजे. तिथं बारीकशी फट राहिली की ऑइल कागदातून जाण्याचे कष्ट कशाला घेईल, ते फटीतूनच जाणार. मधली भोकाची नळी दाबून बघा, दबली तर ठेवून द्या. आणि शेवटी रबर. चांगलं रबर उन्हाळ्यात घाटात इंजिन तापलं तरी कडक होत नाही.

आता मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचं. लोक विचारतात किती मायक्रॉनचा फिल्टर? नुसता आकडा फसवा असतो. "२० मायक्रॉन" असं डब्यावर लिहिलं तर त्याचा अर्थ २० मायक्रॉनचा निम्मा कचरा अडवतो असाही होऊ शकतो आणि जवळजवळ सगळा अडवतो असाही. आमच्या धंद्यात बीटा नावाचा आकडा सांगतात. एखाद्या आकाराच्या कणांसाठी बीटा ७५ असेल तर आत आलेल्या ७५ कणांपैकी एकच पुढं निसटतो, म्हणजे ९८.७ टक्के अडतात. बीटा २ असेल तर निम्मे निसटतात. ऑइल फिल्टर तपासायची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आयएसओ ४५४८, त्यात हे मोजतात. ज्या लोकल पाकिटावर बनवणाऱ्याचं धड नावच नाही तिथं हे कुणी मोजलं असेल असं मला वाटत नाही.

म्हणून माझं म्हणणं: कंपनीचा किंवा नाव असलेल्या फिल्टर बनवणाऱ्याचा, दोन्ही चालतील. बिननावाचा नको. ऑरेंजसिटी, तुम्ही जे वापरताय त्यावर नाव आहे का?

ऑरेंजसिटी_रायडर

हो भाऊ, नावाजलेल्या कंपनीचाच आहे, एमआरपी, पार्ट नंबर, सगळं छापलेलं. मी लोकल म्हटलं ते "गाडीच्या कंपनीचा नाही" या अर्थानं. मग आपलं भांडण मिटलं म्हणायचं.

सह्याद्री_४११

स्टीलच्या जाळीबद्दल कुणी बोललंच नाही. मी हिमालयन ४११ ला वापरतो. मला तरी आवडला. दरवेळी फिल्टर शोधत फिरावं लागत नाही, स्पितीकडं जाताना सोबत सुटा फिल्टर बाळगायला नको, आणि कचरा पण कमी, कागदाचा फेकायचा, हा धुवायचा. शिवाय जाळीतून ऑइल जास्त मोकळं वाहतं. आणि धुताना जाळीवर काय अडकलंय ते डोळ्यांनी दिसतं हा मोठाच फायदा.

भोसरी_मेश

मोकळं वाहतं हे खरं, पण ते का वाहतं हा प्रश्न आहे. जाळीची भोकं कागदापेक्षा मोठी असतात म्हणून. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, आणि इंजिनच्या बेअरिंगमधला ऑइलचा थर चालू गाडीत काही मोजक्या मायक्रॉनचा. त्या थराच्या आसपासच्या आकाराचे कण सगळ्यात जास्त घासतात, मोठे कण तिथं शिरूच शकत नाहीत. जाळी मोठे तुकडे झकास अडवते, बारीक कणांना ती वाट देते. कागद हा थरांचा असतो, कण आत खोलवर कुठंतरी अडकतो. जाळीला खोलीच नाही.

आणि धुण्याचं. घरी पेट्रोलच्या वाटीत हलवून काढला की वरून चकचकीत दिसतो. पण घडीच्या तळाशी राहिलेलं आणि धुताना आतल्या बाजूला गेलेलं तुम्ही कसं बघणार? आतल्या बाजूला गेलेला कचरा स्टार्ट मारल्यावर थेट बेअरिंगकडं जातो, मध्ये अडवायला काहीच नाही. प्रयोगशाळेत अल्ट्रासॉनिकमध्ये धुतात ते उगाच नाही.

सह्याद्री_४११

मान्य, पण मी दर ऑइलला धुतो आणि उलट बाजूनं काँप्रेसरची हवा मारतो. माझ्या गाडीला त्रास नाही. प्रत्येकानं आपापलं बघावं.

टी_पाना

सह्याद्री, तुम्ही काळजीनं करता म्हणून चालतंय. माझ्याकडं येणाऱ्यांपैकी बहुतेकांना गाडी धुवायला वेळ नसतो, ते फिल्टर कधी धुणार. कृष्णाकाठ भाऊ, हायड्रॉलिक टॅपेटच्या इंजिनात तरी मी कागदाचाच सांगेन.

मानसी_ट्विन

माझी इंटरसेप्टर ६५० आहे, तिला बाहेरून फिरवून लावायचा डबा. इथं निवड करताना वेगळी भानगड असते ती लिहिते. डब्याचे आटे जुळले की लोक म्हणतात बसला, म्हणजे चालणार. इंटरनेटवर याद्या फिरतात, अमुक कारचा फिल्टर तमुक बाइकला बसतो. बसतो हो, पण आत दोन झडपा असतात त्यांचं काय? एक बायपासची झडप. फिल्टर तुंबला किंवा थंडीत ऑइल घट्ट असलं तर ही उघडते आणि ऑइल न गाळताच पुढं जाऊ देते, कारण इंजिनला घाण ऑइल मिळालं तर ते झिजतं पण ऑइलच मिळालं नाही तर जागेवर जाम होतं. ही झडप किती दाबाला उघडायची ते प्रत्येक इंजिनच्या पंपाप्रमाणं ठरवलेलं असतं. कारच्या डब्यातली झडप लवकर उघडत असेल तर तुमच्या बाइकचं ऑइल अर्धा वेळ न गाळताच फिरेल आणि तुम्हाला कळणारही नाही, कुठला दिवा लागत नाही त्यासाठी.

दुसरी झडप ऑइल परत खाली उतरू न देणारी. गाडी रात्रभर उभी राहिली तरी डब्यात ऑइल राहतं, सकाळी स्टार्ट केल्या केल्या वर पोचतं.

मग डब्याची उंची. जास्त उंच डबा म्हणजे जास्त कागद हे खरं, पण बाइकला तो दगड लागायच्या जागी असतो. कच्च्या रस्त्यावर जाणाऱ्यांनी हे बघाच.

घाटमाथा

मानसीताई, डबा लावताना ऑइल भरून लावायचा की कोरडा? आमच्याकडं यावरून दोन मित्रांचं बोलणं बंद झालंय.

मानसी_ट्विन

आडवा बसणारा डबा काठोकाठ भरला तर लावताना निम्मं ऑइल सायलेन्सरवर सांडतं. मी थोडंसं कागदात मुरू देते, रबरच्या कडेला बोटानं ऑइल लावते आणि हातानं टेकेपर्यंत फिरवून मग पुढं डब्यावर जेवढे आटे लिहिलेत तेवढेच. बहुतेकांवर पाऊण आटा असतो. पान्यानं करकचून आवळायचा नाही.

दोनस्ट्रोक_बाबा

घाटमाथा, दोघांना एकाच गाडीवर बसवून महाबळेश्वरला पाठवा, खाली येईपर्यंत बोलायला लागतील.

जर्सी_परब

मी मालवणचा, आता न्यू जर्सीत आहे. माझ्याकडं जुनी बीएमडब्ल्यू बॉक्सर आहे, हवेवर थंड होणारी, दोन सिलिंडर दोन बाजूंना. वर टी_पाना यांनी ओ-रिंगबद्दल लिहिलं त्याला माझ्याकडून +१०० कारण या गाड्यांच्या जगात एक ओ-रिंग प्रसिद्धच आहे, लोक तिला "दोन हजार डॉलरची ओ-रिंग" म्हणतात. फिल्टरच्या झाकणाखाली एक पांढरी ओ-रिंग बसते, आणि आतली नळी किती खोल आहे ते मोजून त्याप्रमाणं खाली पातळ पत्र्याची चकती द्यायची की नाही हे ठरवायचं असतं. मोजलं नाही आणि ओ-रिंग नीट दाबली गेली नाही तर ऑइलचा दाब आतल्या आतच गळतो. बाहेर एक थेंब दिसत नाही. इंजिन बिघडतं तेव्हा दुरुस्तीचा खर्च त्या नावाएवढा. म्हणून मी कुणालाही सांगतो की फिल्टर कुठला घेतला यापेक्षा तो बसवला कसा हे आधी विचारा.

ऑरेंजसिटी_रायडर

बापरे. दोन हजार डॉलरमध्ये आमच्याकडं दोन पल्सर येतात.

जर्सी_परब

आणि त्या दोन्ही या गाडीपेक्षा जास्त ॲव्हरेज देतात 😀

टी_पाना

परब साहेबांनी मुद्द्याचं सांगितलं. आपल्याकडं काय होतं ते सांगतो. घरी बदलून मग आवाज येतोय म्हणून माझ्याकडं आणलेल्या गाड्यांत तीन गोष्टी सापडतात. एक, जुनी ओ-रिंग झाकणाला चिकटून राहिलेली आणि तिच्यावरच नवी बसवलेली. दोन, ओ-रिंग चिमटीत सापडून तुटलेली. आणि तिसरी सगळ्यात वाईट, फिल्टर उलटा बसवलेला. पुष्कळ कागदी फिल्टरांना एका टोकाला मोठं भोक असतं आणि दुसरं टोक बंद किंवा झडपेचं. उलटा गेला की काही इंजिनांत ऑइलची वाटच बंद होते. होंडाच्या काही फिल्टरांवर तर "आउटसाइड" असं छापूनच देतात, ती बाजू बाहेर, झाकणाकडं. ज्यावर छापलेलं नसेल तिथं जुना बाहेर काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. तो कोणत्या तोंडानं बसलाय, स्प्रिंग आहे का, वायसर कुठं आहे, सगळं फोटोत येऊ द्या.

ड्रेन नटचं वायसर पण नवं घ्या. आणि तो नट जोर लावून आवळू नका, इंजिनचा चेंबर ॲल्युमिनियमचा असतो, आटे गेले की लेथवर जाऊन बुश मारावा लागतो.

अक्का_वाळवा

मध्येच विचारते, जुन्या ऑइलचं काय करता तुम्ही सगळे? आमच्याकडं गोठ्याच्या खांबांना, दाराला लावतात, वाळवी लागत नाही म्हणतात.

घाटमाथा

आमच्याकडं पण तेच.

भोसरी_मेश

अक्का, शक्यतो नको. वापरलेल्या ऑइलमध्ये धातूची कणी आणि जळलेलं रसायन असतं, गोठ्यात जनावरं खांब चाटतात, पावसात ते मातीत उतरतं आणि मग विहिरीत. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑइल धरलेलं आहे. डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या, तिथून ते रिफायनिंगला जातं. फिल्टर पण टाकण्याआधी रात्रभर उलटा ठेवून निथळून घ्या, त्यात बरंच ऑइल धरलेलं असतं.

अक्का_वाळवा

जनावरांचं लक्षात नव्हतं आलं. सांगते घरी.

कृष्णाकाठ_कराड

एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार सगळ्यांचे. बुलेटचं ठरलं, कंपनीचं किट. पण स्प्लेंडरचं राहिलंच की. दुकानदार खरं बोलला का?

माणदेशी_वारा

मी सांगतो. दुकानदार खरं बोलला पण अर्धं. स्प्लेंडरला विकत मिळणारा, बदलायचा फिल्टर नसतो. पण आत दोन वस्तू आहेत. एक जाळी, जी पंपाकडं जाणाऱ्या ऑइलमधला मोठा कचरा अडवते. आणि दुसरी क्रँकच्या (पिस्टननं फिरणाऱ्या इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) उजव्या टोकाला बसवलेली एक गोल डबी, तिला सेंट्रिफ्यूगल फिल्टर म्हणतात. क्रँक फिरतो तशी ती डबी हजारो आरपीएमनं फिरते, आतून जाणाऱ्या ऑइलमधला जड कचरा बाहेरच्या भिंतीवर फेकला जातो आणि तिथंच चिकटून बसतो. तुमच्या डेअरीत दुधापासून साय वेगळी करायचा सेपरेटर असतो ना, तेच तत्त्व. कागद नाही, घडी नाही, तुंबण्याची भानगड नाही. होंडाच्या छोट्या इंजिनांत ही पद्धत फार जुनी आहे, १९८५ च्या सीडी १०० पासून ती आपल्याकडं चालत आलीय, शाइनला पण आहे.

तिची एकच अट आहे. ती डबी अधूनमधून उघडून साफ करावी लागते, आणि ती क्लचच्या कव्हरच्या आत असते. म्हणून ऑइल बदलताना कुणी उघडत नाही. उघडलेली बघा कधी, भिंतीवर काळ्या पेस्टचा थर जमलेला असतो, नखानं खरवडला तर सुटतो.

नानापेठ_एक्सप्रेस

म्हणजे ज्या इंजिनला फिल्टर घ्यावा लागत नाही त्याला ऑइल वेळेवर बदलणं हाच फिल्टर.

माणदेशी_वारा

बरोबर. आणि शेतावर जाणाऱ्या गाडीला तर जास्तच. ऊसतोडीच्या दिवसांत पाचटाची धूळ, बैलगाड्यांच्या मागं उडालेली माती, ती सगळी एअर फिल्टरच्या तोंडाशी जाते. एअर फिल्टर फाटका किंवा बसका असला की तीच धूळ सिलिंडरमधून ऑइलमध्ये उतरते. लोक ऑइल फिल्टरवर तासभर वाद घालतात आणि एअर फिल्टर वर्षानुवर्षं उघडून बघत नाहीत. कृष्णाकाठ, वडिलांच्या गाडीचा एअर फिल्टर आधी बघा.

कृष्णाकाठ_कराड

एअर फिल्टर उद्याच बघतो. ती डबी साफ केल्याचं वडिलांना काही आठवत नाही. गाडी जुनी आहे, पण आवाज चांगला आहे, ऑइल कमी होत नाही. मग उघडावी का? की चाललंय तर चालू द्यावं? एक मेकॅनिक म्हणाला की जुना कचरा हलवला तर उलट त्रास होतो.

ऑरेंजसिटी_रायडर

मी म्हणतो चालू द्या. चालत्या गाडीला उगाच कशाला उघडायचं.

माणदेशी_वारा

असहमत. डबी भरत आली की नवीन कचऱ्याला चिकटायला जागा राहत नाही, तो तसाच पुढं जातो. आणि "कचरा हलवला तर" हे कसं? उघडल्यावर तो पुसून बाहेरच काढायचाय, आत परत थोडाच सोडायचाय.

टी_पाना

माणदेशींशी सहमत, फक्त मुद्दाम त्यासाठी गडबड नको. क्लच प्लेटा कधी टाकल्यात? त्या टाकायला आल्या असतील तर ते कव्हर उघडणारच आहे, त्याच वेळी डबी आणि जाळी दोन्ही साफ करून घ्या, मजुरी एकदाच. प्लेटा नव्या असतील तर एवढ्या जुन्या गाडीला एकदा नुसतं साफसफाईसाठी उघडलं तरी पैसे वाया जाणार नाहीत.

पण हे पहिल्यांदा घरी करू नका. किकचा दांडा काढावा लागतो, क्लचची केबल सोडावी लागते, जुनं पॅकिंग खरवडून काढताना ॲल्युमिनियमला ओरखडा पडला की तिथून ऑइल पाझरतं. पॅकिंग नवीनच टाकायचं, जुन्यावर सोल्यूशन फासून नाही. चांगल्या माणसाकडं जा आणि समोर उभं राहून करून घ्या. तुम्ही जुना फिल्टर मागितला होतात ना सर्व्हिस सेंटरात, तसंच इथंही डबीचं झाकण काढल्यावर बोलवा म्हणून सांगा आणि भिंतीवरचा थर स्वतः बघा.

सायलेन्सर_राजा

ऑइल कुठलं टाकताय पण? मित्र कारचं सिंथेटिक टाक म्हणतोय, महाग असतं म्हणजे भारी असणार.

मानसी_ट्विन

नको. मी वर फिल्टरबद्दल लिहिलं तेच ऑइललाही लागू. आपल्या बाइकचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करायचे पदार्थ असतात, त्यानं प्लेटा सटकतात, रेस वाढते पण गाडी ओढत नाही. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची जपानी खूण) लिहिलेलं बघून घ्या. यूसीईला १५डब्ल्यू-५०.

कृष्णाकाठ_कराड

स्प्लेंडर गॅरेजलाच देतो, प्लेटा पण बदलायच्या आहेत त्यामुळं एकदमच होईल. बुलेट रविवारी घरी. शेवटचा प्रश्न, बदलून झाल्यावर बरोबर बसलाय की नाही हे कसं ओळखायचं?

टी_पाना

ऑइल पुस्तिकेत फिल्टरसकट जेवढं लिहिलंय त्यापेक्षा थोडं कमीच ओता, फिल्टरशिवायचा आणि फिल्टरसकटचा आकडा वेगळा असतो. मग स्टार्ट करून रेस न देता दोन-तीन मिनिटं चालू ठेवा. या वेळात नवीन फिल्टर ऑइल पिऊन घेतो. टॅपेट सुरुवातीला थोडे वाजतील, थोड्या वेळात शांत व्हायला पाहिजेत. वाजतच राहिले तर गाडी बंद करा आणि फिल्टरचं झाकण परत उघडा, चालवून बघू नका.

शांत झाले तर बंद करून थोडं थांबा, गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करा आणि काचेतून लेव्हल बघा, ती खाली गेलेली असेल, तेवढी भरा. झाकणाच्या कडेनं कोरडं फडकं फिरवा. मग गावात एक फेरी मारून या, गरम झाल्यावर परत फडकं फिरवा. फडकं कोरडं राहिलं तर झालं काम.

आणि जुना फिल्टर टाकू नका लगेच. निथळला की कटरनं कापून कागद उघडा आणि घड्यांवर लोहचुंबक फिरवा. थोडी काळी पावडर असणारच, ती क्लचची. बारीक लोखंडी पीठ चुंबकाला थोडंसं चिकटलं तरी चालतं. पण चमकणारे तुकडे दिसले, बोटाला टोचतील असे, तर मोबाइलवर फोटो काढून इथं टाका, आपण बघू.